विंगेतून

भरमाण्णा, तुझा आवाज
वडगावच्या मागांनी घडवला.
एका पत्र्याखाली आठ माग, खडखडाट असा
की शेजारच्याकडं कांडी मागायची तरी
बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे.
त्या खडखडाटावरून तू राजे बोलवलेस,
मालक म्हणायचा, "धोटा बघ रे, धोटा,"
आणि तू धोट्यालाच दरबारात हजर करायचास.

मी प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर,
चाळीसचा बल्ब, दोनशे पानी वही.
तू अडलास की शब्द द्यायचा,
एवढ्याचे मला रात्रीला तीन रुपये आणि चहा.

त्या साली हेरेकर मास्तरांनी
आयर्लंड नावाच्या बेटावरचं नाटक मराठीत आणलं.
तिकडं माती वाळवून चुलीत घालतात, म्हणाले,
तिकडंही घरची भाषा एक, कचेरीची दुसरी.
तू बिडी विझवलीस :
"मग आपलंच गाव की हो, मास्तर."
फक्त समुद्र नव्हता आपल्याकडं.
म्हणून रविवारी सायकली काढून राकसकोपला गेलो.
तू धरणाच्या काठावर बसलास तो बसलास,
डबासुद्धा उघडला नाहीस.
परतताना बेळगुंदीच्या चढावर, धापा टाकत,
"पाणी काय सांगत नाही, गुंडू.
बापानं तरी काय सांगायचं?"

प्रयोगात, मुलगा बुडाल्याची बातमी येते तिथं
मास्तरांनी दीड पान लिहिलं होतं.
तू गप्प.
मी शब्द दिला. पुन्हा दिला.
तिसऱ्यांदा दिला तो पहिल्या रांगेतल्या
मामलेदारांनाही ऐकू गेला.
तू जाळं गुंडाळत होतास नुसतं.
पडदा पडल्यावर मी तुला शिव्या घातल्या,
तू हसून माझा चहा पिऊन टाकलास.

मग सिनेमा.
कोल्हापुरात म्हणाले, चेहरा झकास,
पण बोलण्याला कानडी हेल हाय.
बंगळुरात म्हणाले, चेहरा झकास,
पण कन्नडला मराठीचा वास येतो.
दोन्हीकडं तोंड तुझं ठेवलं
आणि आवाज भरला दुसऱ्याचा.
फौजदार, कारभारी, दारू पिणारा मामा,
एकदा प्रेत.
"प्रेताचं काम बरं," म्हणायचास,
"तेवढं एक पुरतं माझं होतं."

येळ्ळूरच्या जत्रेत तंबूत तुझा सिनेमा लागला.
तुझी आई पुढं, पोत्यावर बसलेली.
तू पडद्यावर आलास, शिट्ट्या झाल्या,
तू तोंड उघडलंस
आणि ती उभी राहिली :
"ह्यो कोण बोलायलाय
माझ्या पोराच्या तोंडातनं?"
लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू.

पुढं माग भंगारात गेले.
तू उद्यमबागेत फाउंड्रीच्या गेटवर,
खाकी कपडे, शिट्टी, रजिस्टर.
एकदा सत्कार झाला. शाल, नारळ, कुंदा.
फलकावर तुझं नाव दोन लिप्यांत,
दोन्हीकडं चुकलेलं.
तू म्हणालास, "चालतंय.
चुकलंय तर दोघांचंही चुकलंय."

काल तुझी लेक आली, पिशवीत कॅसेट घेऊन.
ट्रंकेत होती म्हणाली, बेटावरच्या नाटकाची,
मास्तरांच्या टेपवर धरलेली.
लावली.
सबंध नाटकभर आधी मी ऐकू येतो,
वाक्य-वाक्य पुढं पळणारा, घाबरट,
मग तू, सावकाश,
जणू मी बोललोच नाही.

आणि ती जागा आली.
मी : "एवढ्या पाण्यात..."
मी : "एवढ्या पाण्यात, पोरा..."
मग काहीच नाही.
कुणाचीतरी खुर्ची वाजली.
लांब एक कुत्रं.
जाळ्याची दोरी फळीवरून घासत गेली.

लेक म्हणाली, "काका, अडकली काय हो कॅसेट?"
तिचा हात बटनाकडं गेला, मी धरला.
"थांब गं जरा.
बाप बोलायलाय तुझा."