दाबोळी ते मोपा

नकाशावर पट्टी ठेवली
तर सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर.
एवढ्यात विमानाला धड नाकही वर करता यायचं नाही;
पट्टे सोडा म्हणेपर्यंत
पट्टे बांधा म्हणायची वेळ येईल.
म्हणून या दोघांमधे उड्डाण नाही.
तिकीट मागायला गेलात तर हसतील.

सुरंगी मस्कतहून रात्री तीनला निघाली.
पावणेतीन तास, तिनं कळवलं होतं.
मी घड्याळांमधला दीड तास मिळवला, सव्वासात धरले
आणि सहालाच दाबोळीला जाऊन उभा राहिलो,
फ्लॅटपासून सात मिनिटांवर,
अकरा वर्षांपूर्वी तिला सोडलं होतं त्याच खांबाशी.
सोडलं म्हणजे,
ती ट्रॉली ढकलत आत गेली
आणि मी गाडीतून उतरलोच नव्हतो.

आठ वाजले. फळ्यावर मस्कत नाही.
बंदूकवाल्या जवानानं माझा मोबाइल हातात घेतला, म्हणाला,
काका, हे तर मोप्याचं.
तिकिटावर तीन इंग्रजी अक्षरं होती,
पहिली दोन सारखीच.
तिसऱ्याकडे मी बघितलं नव्हतं.

फोन लागला.
"दादा, पावलंय मी. तू खंय?"
मागे ट्रॉल्यांचा खडखडाट.
मग बराच वेळ तिचा नुसता श्वास.
मग, "आमची झाडां नेमकी खंय होती रे?
धावपट्टीच्या ह्या अंगाक, काय त्या?"

काय सांगणार.
सड्यावर दोनशे बारा काजू,
बाबांनी प्रत्येकाला चुन्यानं आकडा घातलेला.
एकशे चाळीसवरून ती बोंडू काढताना पडली,
हनुवटीवर व्रण असेल अजून.
मोबदल्याच्या कागदावर
बाबांचा अंगठा आहे, माझी सही आहे,
तिच्या नावापुढे नुसती रेघ.
ते पैसे कुठे गेले हे तिनं कधी विचारलं नाही.
दाबोळीपासून सात मिनिटांवर गेले,
तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसकट.

"थांब तिथंच," म्हणालो, "निघालोच."
झुआरी, मांडवी, मग कोलवाळची नदी.
तीन पूल, दीड तास;
पर्वरीला रस्ता खणलाय, म्हणजे दोन.
"रव्हतंय," ती म्हणाली. "घाय करू नको.
हय वारो बरो आसा."

वारा.
तो मोजणीत धरला नव्हता कुणी.

शेजारच्या सीटवर मणगण्याचा डबा
आणि तिच्या वहिनीनं दिलेले सहा नारळ.
गाडीला वाटलं कुणी बसलंय,
घंटी वाजवत राहिली, वाजवत राहिली.
कुठ्ठाळीला मी बाजूला घेतली,
पिशवीवरून पट्टा ओढून नीट लावला.
अजून एकही पूल ओलांडायचा होता.