नगिडी ते पवर्ती

दत्तवाडीच्या गॅलरीत, पत्र्याखाली
माझं दुकान एकोणीस वर्षं चाललं:
लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रं,
सोसायट्यांची इतिवृत्तं,
एका बाईंचा तुरीवरच्या किडीचा प्रबंध.
परवा यंत्राने कळवलं, नव्या आवृत्तीस
मी पात्र नाही.
मी नव्हे, ते. वाचताना फरक पडला नाही.

दुसऱ्या मजल्यावरची रेहाना शिकलगार
पेनड्राइव्ह घेऊन खाली आली, गुरुवारी,
पाणी बंद म्हणून कॉलेजला दांडी मारून.
"काका, लिनक्स टाकू."
किती पडतील?
"फुकट आहे."
मी दोन पावलं मागे सरकलो.
फुकट देणारा थोड्या वेळाने
खिशातून वर्गणीचं पुस्तक काढतो.
"आधी नुसतं चालवून बघा.
नाही रुचलं तर काढून घेते, तुमचं तुम्हाला."

जुनं तरी कुठं माझं होतं.
तपकीर गल्लीतली पन्नास रुपयांची चकती,
वर स्केचपेनने लिहिलेला आकडा.
रोज सकाळी कोपऱ्यात ओळ यायची,
ही प्रत अस्सल नसण्याची शक्यता आहे,
आणि मी तिच्यावर कुणाचं तरी
'आमचे येथे श्रीकृपेकरून' ओढून आणायचो.

शेजारी शेजारी ठेवू, की सगळं पुसू?
थोरल्याने वाटणीत भिंत घातली होती,
तिला दोन्ही अंगांनी ओल आली.
पुस, म्हटलं.
फायली आधी पुतण्याच्या डिस्कवर काढल्या.
निळी पट्टी सरकत राहिली.
खालून भंगारवाला ओरडत गेला.
तिने मान वर केली नाही. मीही.

मग पासवर्ड टाका म्हणाली.
टाकला. पडद्यावर एक ठिपकासुद्धा नाही.
अगं, काही उमटत नाहीये.
"उमटत नाही काका. पण पोचतं."
आयुष्यभर उमटवायचा धंदा केला मी.

संध्याकाळी 'सासणेमामा' नावाची फाइल उघडली.
धोंडीराम सासणे, पीएमटीत कंडक्टर.
निवृत्तीनंतर रोज दुपारी यायचे,
ते सांगायचे, मी ठोकायचो, एकशे चाळीस पानं.
छापायला पैसे जमले की येतो म्हणाले,
त्याला अकरा वर्षं झाली.
उघडलं तर
डॉलर, टक्के, उलटी प्रश्नचिन्हं,
डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं.
"हे आतून मराठी कधी नव्हतंच," रेहाना म्हणाली,
"फॉन्टने नुसतं सोंग दिलेलं.
तो पुन्हा बसवला तर दिसेल पहिल्यासारखं."
यंत्रामागे खोचलेलं बारा हजारांचं डोंगल
मी उपसून हातात धरलं.
म्हणजे क काढताना
मी क काढतच नव्हतो.
नको, म्हटलं. सोंग नको.

तिने रात्री जागून कोष्टक लिहिलं,
प्रत्येक खुणेसमोर खरं अक्षर.
सकाळी सासणेमामा बोलू लागले,
बोबडे.
वेलांट्या एक घर पुढे बसलेल्या,
रफार भलत्याच डोक्यावर.
निगडीची नगिडी. पर्वतीची पवर्ती.
"हेही सुधारते, एक दिवस द्या."
तिची परीक्षा आहे सोमवारपासून.
आणि खरं सांगायचं तर
हे काम मला येतं.

बस स्वारगेटहून सुटते.
स्वारगेट शाबूत आलंय, त्यात अडकण्यासारखं काही नाही.
पुढे दर थांब्याला खाली उतरतो,
वेलांटी उचलतो, मागच्या सीटवर बसवतो, घंटी.
पान एकतीसवर एका बाईकडे सुट्टे नसतात,
ती अर्धा पेरू देते, मामा तिकीट फाडतात
आणि पदरचे दीड रुपये थैलीत टाकतात.
हे मीच टाइप केलं होतं.
वाचलं आज.

त्यांचा नंबर लावून पाहिला,
अस्तित्वात नाही म्हणते ती बाई, तीन भाषांत.

निगडी नीट झाली.
पर्वती उद्या.