गरम असताना

सकाळी ती एका हाकेत उठते.
चोक अर्धा, किल्ली एकदाच,
अंगणातली कोंबडी दचकायच्या आत इंजिन लागलेलं.
सकाळची तक्रार नाहीच.

तक्रार दुपारची.
कुंग्राद मागे टाकून मुयनाककडे जाताना
बाबा खरबुजं विकायला रस्त्याकडेला थांबतात,
दहा मिनिटं, फार तर पंधरा.
मग किल्ली फिरवली की
स्टार्टर गरगरतो, गरगरतो,
आणि इंजिन ओळखच दाखवत नाही.

झिगुली, सत्त्याऐंशी सालची.
रंग कांद्याच्या सालीचा,
जिथे आटलेल्या समुद्राच्या मिठानं तो शिल्लक ठेवलाय तिथे.

बाबांचा उपाय ठरलेला.
बॉनेट उघडायचं,
आईच्या जुन्या झग्याचा तुकडा भिजवून
फ्युएल पंपावर ठेवायचा. पिळायचा नाही.
मग थर्मासमधला चहा, दोन पियाले,
ऊन जास्त असेल तर तीन.
मग किल्ली. लागते.
"पेट्रोलची वाफ धरते," ते म्हणतात,
"फडक्यानं बसते."
सहा उन्हाळे ते फडकं डिकीत,
औषधाच्या बाटलीसारखं जपलेलं.

शेजारचा सुलतमुरात म्हणाला,
येशबाय, नळीला लाकडी चिमटे लाव.
चौदा लागले.
आईला कपडे वाळत घालायला उरले तीन.
एक कझाख ट्रकवाला काच खाली करून म्हणाला,
विकून टाक.
तेही निदानच म्हणायचं.

मी नुकुसच्या बस डेपोत अकरा वर्षं
वायरिंगचं काम करते.
बाबांनी कधी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही.
तापलेल्याला हात लावू नये
हे मी गाड्यांच्या आधी घरात शिकले.

पण या ऑगस्टात मी मागच्या सीटवर होते,
मांडीवर एक खरबूज, पायाशी चार,
आणि ती बंद पडली तेव्हा
बाबा फडकं घेऊन निघाले, आणि मी म्हटलं,
आज फडकं नको.
चहा नको म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

कार्बोरेटरची नळी सोडली,
पंपाचा खटका हातानं दाबला.
पेट्रोल आलं. कोमट, पण धार धरून.
म्हणजे वाफ नव्हे.
प्लग काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला.
फिरवा, म्हटलं.
त्या उन्हात ठिणगी कसली दिसते;
डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून
त्याच्या अंधारात डोळे लावून बसले.
पुन्हा फिरवा.
अंधारच.

कॉइलला बोट लागेना, इतकी तापलेली.
मीटर लावला. काटा जागचा हलला नाही.

मग आम्ही बसलो.
फडकं कोरडं, बंपरवर.
पहिला पियाला: काटा मेलेला.
दुसरा: जरासा थरथरला, पडला.
तिसऱ्याला बाबा स्वतःच वाकून बघायला लागले.
उठला. तीन ओमवर येऊन उभा राहिला
आणि रुमालाच्या अंधारात
एक निळा टिचका वाजला.

आत केसाएवढी तार असते, मी सांगितलं,
कुठेतरी तुटलीय. तापली की टोकं सरकतात,
निवली की पुन्हा टेकतात.
चालताना वारा लागतो; थांबलं की
इंजिनाची सगळी धग तिच्या अंगावर.

"म्हणजे फडकं?"
फडक्यानं काही केलं नाही, बाबा.
काम चहाचं होतं.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
एक उंट रस्ता ओलांडून गेला, त्याचं सावकाश चाललेलं.

कॉइल कुंग्रादच्या बाजारात मिळाली,
जुनीच, पण शाबूत.
चिमटे आईला परत गेले, तेरा.
चौदावा नळीला तसाच आहे,
त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

पुढच्या शुक्रवारी त्याच जागी
पंधरा मिनिटं थांबून त्यांनी किल्ली फिरवली.
लागली. ताबडतोब,
जणू आमची घाई तिलाच जास्त.
बाबांनी हात किल्लीवरच ठेवला होता.
त्यांनी ती बंद केली.
थर्मास काढला,
पियाला पुसून माझ्यापुढे धरला, आणि
रस्त्याकडे बघत विचारलं,
"डेपोत तुझ्याकडे
अशा किती येतात?"