झाकण पडलं

पहाटे सव्वातीनला फोन थरथरतो उशीखाली :
सापळा चार. झाकण पडलं.
फिनलंडच्या मे महिन्यात रात्र नावालाच असते,
दिवा न लावता बूट सापडतात.

टपालाची गाडी साडेसहाला निघते.
तोवरचा वेळ कोर्तेयार्वी तळ्याचा.
लव्हाळ्यातून वाट, पायाखाली पाणी
आणि गेल्या वर्षीचं कुजकं गवत.
इथेच होतं तलवार बदकाचं घरटं, आठ अंडी,
तिनं स्वतःच्याच छातीची पिसं उपटून अंथरलेली.
दुसऱ्या दिवशी पिसं तेवढी राहिली.
टरफलं अशी चाटूनपुसून ठेवलेली,
की वाढणाऱ्याला बरं वाटावं.

सापळा लावायला पेल्लेर्वोनं शिकवलं.
आमिषाला सुकी मासळी. हातमोजे तळ्याच्या पाण्यात भिजवलेले.
"डोळ्यांत बघू नकोस," म्हणाला.
"सुपी इथला नव्हे. रशियात कुणी आणून सोडला,
तिथून चालत आला. त्याचा दोष नाही.
अंडीही त्याची नाहीत."

काल मादी होती.
तिला दूध नव्हतं, मी बघून घेतलं.
बघायचं नव्हतं.

आज नर.
त्याच सापळ्यात, तिच्या वासावर आलेला,
मासळीला तोंडही न लावलेला.
अर्धा कोल्हा, अर्धा कुत्रा, डोळ्यांभोवती काजळ फासलेलं.
सुपी जन्मभर जोडीनं राहतात.
पिल्लं झाली की ती चरायला जाते,
हा बिळात पिल्लांपाशी बसतो.

आणि माझा तो तलवार बदक,
ज्याच्या वंशासाठी ही सगळी उठाठेव,
मादी अंड्यांवर बसली न बसली
की मित्रांबरोबर खाडीकडे पसार,
पिसं झाडायला.

हे मी पेल्लेर्वोशी बोलले नाही.
तो म्हणाला असता :
टपाल वाटतेस ना, पत्रं कशाला वाचतेस?

बंदूक लहान. आवाज तळ्यावर फार मोठा झाला.
सगळं तळं एकदम उडालं, घिरट्या घालून
थोड्या वेळानं पुन्हा बसलं.
बांधाजवळ एक मादी उडालीच नाही.
मान जमिनीला लावून, गवताच्या रंगाची,
डोळा उघडा.
मी पावलं मोजत मागे आले.

जुलैत सानेल्मा दुर्बीण घेऊन येईल, पिल्लं मोजेल,
वहीत आकडा लिहील. गेल्या वर्षी तीन.
आकडा वाढला तर मला कळवेल,
नाही वाढला तरीही.

सहा-चाळीसला पहिल्या पेटीत
म्हाताऱ्या हिल्पाचं वीजबिल टाकते.
ती दारातच उभी. पाकीट नाकाशी नेते,
विचारते, मासे पकडायला गेली होतीस का?
हो, म्हणते. हो.