मधले एकोणीस दिवस

मॉलच्या मागल्या अंगाला, बंद पडलेल्या बुटांच्या दुकानाशेजारी
चार दारं आहेत एका ओळीत :
लष्कर, आरमार, मरीन, हवाई दल.
दारं वेगळी, गालिचा एकच.
नोव्हेंबरात ऑरिननं पहिल्या दाराआड सही केली,
कारण बाबांनी केली होती,
आणि बाबांच्या काकांनी.

उजवा हात वर. शपथ. फोटो.
फार्गोच्या हॉटेलात फुकटचं जेवण.
निघायचं नऊ जूनला.
तोवर घरीच राहायचं, हातपाय मोडून घ्यायचे नाहीत,
पोलिसांच्या नजरेत यायचं नाही
आणि दर गुरुवारी सार्जंट टेटलॉफसमोर
जोर-बैठका काढायच्या.
साखरपुडा झालेल्या मुलीसारखं होतं त्याचं :
नाव त्यांचं लागलेलं,
भांडी अजून आईचीच घासायची.

फेब्रुवारीत एका रात्री, उणे एकतीस,
पिकअपची बॅटरी गोठलेली,
टॉर्च माझ्या हातात, पाना त्याच्या;
बॉनेटमध्ये डोकं घालूनच तो म्हणाला,
इंगा, मला समुद्रावर जायचंय.

मी हसले.
मायनॉटहून समुद्र
कुठल्याही रस्त्यानं गेलं तरी दोन दिवस.
यानं तो पाहिलेला नाही. याला पोहता येत नाही.
मग कशाला?
'रणगाड्यात बाबा बसलेलेच आहेत की अजून.'

यावर काय बोलणार.
बाबा जेवायला बसतात ते भिंतीला पाठ लावून,
दोन्ही दारं दिसतील असे.

आरमाराच्या दारात पेटी ऑफिसर डिमॅलांता
अर्धवट उठली आणि परत बसली.
'तिकडचा कागद सुटेपर्यंत मला तुझ्याशी बोलता येत नाही.
हात मिळवतानाही विचार करावा लागेल.'
तो वळला, दाराशी झटू लागला.
मागून ती म्हणाली, 'ढकलू नकोस. ओढ.'

टेटलॉफ आधी हसला.
मग म्हणाला, तुला कुणीही घेणार नाही.
मग म्हणाला, तुरुंग.
मग रात्री साडेनऊला फोन करून, अगदी हळू आवाजात,
'तुझ्या वडिलांना मी काय सांगू?'

पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं.
पहिल्या खर्ड्यात चार वेळा माफी होती.
तीन मी खोडल्या.

मग ते एकोणीस दिवस.
ना ह्यांचा ना त्यांचा.
टायरच्या दुकानात तो नट घट्ट करी, सैल करी, परत घट्ट करी.
केस वाढले.
न्हावी शेर्वेननं मानेवर वस्तरा ठेवून विचारलं,
'शब्द दिला होतास ना रे?'
वस्तरा मानेवर असताना
माणूस मान हलवत नाही, होकारार्थीही नाही.

बाबा अकरा दिवस बोलले नाहीत.
रागावलेही नाहीत, ते बरं झालं असतं.
मीठ मागायचं तर माझ्याकडे मागत,
मीठ ऑरिनच्या पुढ्यात असलं तरी.

बाराव्या पहाटे पाचला
अंगणात पिकअप सुरू करून ते बसले होते,
दोन टॉवेल मांडीवर.

वायएमसीएचा तलाव. क्लोरीन, पिवळे दिवे.
मी बाकावर, मांडीवर सगळ्यांचे कोट.
छातीभर पाण्यात उभे राहून बाबांनी
ऑरिनच्या पाठीखाली तळवा धरला.
त्या खांद्यावरचा व्रण मी प्रथमच इतका ओला पाहिला.
'मान सोड,' ते म्हणाले.
'अजून सोड. धरून ठेवतोयस तू.'
आणि न सांगता हात काढून घेतला.

बुडालाच तो. बुडणारच होता.
खोकत, नाकातोंडातून पाणी गाळत वर आला,
आणि बाबा हसत होते, मोठ्यानं,
रिकाम्या तलावात आवाज घुमत होता.
'पुन्हा,' म्हणाले.

सुटकेचा कागद पुढच्या आठवड्यात आला.
बाबांनीच फोडला; चुकून, म्हणे.
फ्रिजवर लावला, वीजबिलाशेजारी,
अक्षरांची बाजू आत.