नमुना उपलब्ध नाही

निळ्या तबकात गोळ्या ओतते,
चपट्या पट्टीनं सरकवते पाच-पाच.
उरायला हव्यात दोन. उरल्यात दोन.

कागदावर ती चारशे सतरा,
बाकावर ममोतेबांग:
घोंगडीला मोठी पिन, बुटांवर बर्फ,
उजाडायच्या आत निघून
दोन डोंगर उतरून आलेली.

सहा महिने हिशेब असाच चोख,
तरी रक्तात विषाणू मोजावेत इतके.
डॉक्टर म्हणाले, औषध बोथट झालं असेल.
मासेरूहून फोन आला: केस पाठवा.

मागच्या बाजूला, आतून,
दिसणार नाहीत असे कापायचे,
मुळाकडचं टोक दोऱ्यानं बांधून
चांदीच्या कागदात गुंडाळायचे.
महिन्याला सेंटिमीटरभर वाढतो केस
आणि माणसानं काय गिळलं ते लिहून ठेवतो.
केसानं गळा कापला म्हणतात ना,
तसं झालं.
मुळापासून टोकापर्यंत
औषध निम्मंच.

मी दार लोटून घेतलं.
ती घोंगडीच्या काठाचा एक धागा ओढत राहिली.
"एक दिवस माझा," म्हणाली, "एक दिवस सेकेतेचा."

एकोणीस वर्षं सोन्याच्या खाणीत होता,
खोकला तेवढा घरी आणला.
"इथं यायचं तर घोडा बाहेर बांधावा लागतो.
आणि त्याच्यापेक्षा त्याचा घोडाच
गावाच्या जास्त ओळखीचा."

फॉर्मवर कारणं छापलेली:
विसरले. उलटी झाली. प्रवासात होते.
घोड्यासाठी रकाना नव्हता.
मी 'इतर'वर खूण केली
आणि त्याला निरोप धाडला:
रात्री ये. घोडा माझ्या बहिणीच्या गोठ्यात बांधू.
गुरुवारी दिवा ठेवला, शुक्रवारीही.
शनिवारी रॉकेल संपलं.

पीचला फुलं आली तेव्हा ती आली,
डोक्यावर काळं फडकं.
फडकं सोडलं, आणि कात्री
माझ्या हातात तशीच राहिली.
आमच्यात माणूस मातीला दिला
की घरातली सगळी केस उतरवतात,
पोरंसुद्धा.

गोळ्या मोजल्या. दोन.
बरोबर होत्या, तरी परत मोजल्या.
"आता रोजची माझीच," ती म्हणाली,
चोरी कबूल करावी तशी.

पुढच्या रक्तात विषाणू दिसणार नाहीत बहुतेक.
मासेरूला आनंद होईल.
आलेखाची रेघ खाली उतरेल, सरळ,
आणि का उतरली
ते तिला विचारायला कुणी इतक्या वर चढून येणार नाही.

केसांचा नमुना: उपलब्ध नाही.
कारण: पुढे बोटभर जागा.
मी पेन टेकवलं, उचललं,
खिडकीतून बाहेर पाहिलं.

फाटकाला, अगदी रस्त्यावर,
येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल असा
तिनं घोडा बांधला होता.
रिकिबी अजून
त्याच्याच पायांच्या मापाच्या,
लांब.