पालक खाते

मराठी आवृत्ती निघाली त्या आठवड्यात
पहिला फोन मार्केट यार्डातून.
"मॅडम, इथं लिहिलंय 'पालक खाते'.
कोण खाते?
आम्ही तर विकतो. मेथी, शेपू, चाकवतसुद्धा."
खराडीत, सातव्या मजल्यावर
मी म्यूट करून हसून घेतलं.
मग समजावलं : हनुमंतराव, पालक म्हणजे तुम्ही.
खाली तीन बालखाती : मोशी, मांजरी
आणि खडकीचं, कल्याणी झेंडे या नावाचं.
पैसा खालून वर येतो,
परवानगी वरून खाली जाते.
"म्हणजे घरासारखंच."
नाही हो, म्हटलं, इथं सगळं लिहून ठेवलेलं असतं.

आमच्याकडे पालक हा एक रकाना असतो,
बालखात्याच्या पोटात, नऊ आकडी.
बाळाला पालक पाठ असतो.
पालकाच्या नोंदीत बाळाचं नावही नसतं,
दर वेळी नव्यानं विचारावं लागतं, माझी कोण कोण?
मग यादी येते, पन्नास-पन्नासच्या पानांनी.
दोन पालक चालत नाहीत.
नातवंडं चालत नाहीत, पिढी एकच.
हा नियम मीच लिहिलाय,
एका मंगळवारी, डबा गार होत असताना.

गौरींच्या भाजीची गर्दी उरकली
आणि कल्याणीचा अर्ज आला : सुटं करा.
कारणाच्या रकान्यात एकच शब्द, "स्वतःचं".
चाचणीच्या जगात माझे एक खोटे झेंडे आहेत,
त्यांची पोरं मी शंभरदा तोडली, शंभरदा जोडली,
कुणाचा फोन आला नाही.
खऱ्या जगात एकदाच रकाना रिकामा केला.
उत्तर आलं : दोनशे.
दोनशे म्हणजे झालं.

पहाटे पावणेपाचला फोन. पाळी माझीच.
मागे हमालांची ओरड, जुड्या आपटल्याचा ओला आवाज.
ते चिडलेले नव्हते.
"वाटणी काय, कधीतरी व्हायचीच.
हिशोब नको मला तिचा.
सकाळी दुकान उघडलं का, एवढंच दिसेल?"

वाचणे. लिहिणे. दोन्ही.
एवढ्याच परवानग्या आहेत आमच्याकडे.
'उघडलं का' अशी नाही.
तरी जुळवलं काहीतरी :
दिवसाची पहिली विक्री झाली की एक निरोप,
रक्कम न सांगता, या नंबरवर.
फक्त तिची संमती लागेल.
पाठवली विनंती. प्रलंबित.
बुधवारी प्रलंबित, गुरुवारी प्रलंबित.
बैठकीत कुणी म्हणालं, सात दिवसांवरच्या विनंत्या मोडीत काढा.
मी सातचे तीस केले.
कारण लिहिलं, "ग्राहकांची सोय".
कुणी काही विचारलं नाही.

अकराव्या दिवशी मंजुरी आली,
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
जो आमच्याकडे कुणीच वाचत नाही,
"रकमेसकट पाठवा.
पालक अजून त्यांच्याकडूनच घेते."

पहिला निरोप गेला :
खडकी. सहा वाजून चार मिनिटं.
तीस रुपये.